माझ्या नावावर बसलेला लाल चतुर

केरेकतो,
सप्टेंबरचा दुसरा मंगळवार

प्रिय टेर्का,

तुला आणि तुझ्या गुडघ्याला तुझ्या आम्ब्रुशभावोजींचा सप्रेम नमस्कार. देव तुझं भलं करो, आणि करून झालं की थोडं इकडेही बघो. मी बरा आहे. बरा म्हणजे रक्तदाब आहे, डावा कान गेल्या हिवाळ्यापासून संपावर आहे, आणि दातांचं म्हणशील तर जे उरलेत ते एकमेकांना भेटत नाहीत. पण बहात्तराव्या वर्षी याला बरंच म्हणायचं असतं. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की डॉक्टर म्हणतो चाला आणि गुडघा म्हणतो बसा. माझं ऐकशील तर गुडघ्याचं ऐक. डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलून जातो, गुडघा जन्माचा सोबती. इकडे यंदा आलुबुखार इतके आलेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. गल्लीभर अंगणात कढया चढल्यात, मुरंबा ढवळून ढवळून बायकांचे हात भरून आलेत, आणि गांधीलमाश्यांनी पुरुषांना घराबाहेर काढलंय (पुरुषांची त्याला काही हरकत नाही, बाहेर गुत्ता आहे). तुझ्या दोन बरण्या बाजूला ठेवल्या आहेत.

पत्रास कारण एक किडा. हसू नकोस. आपला साधा चतुर, ज्याच्या शेपटीला तू लहानपणी दोरा बांधून अंगणभर पळायचीस आणि बोरिश्का थोरल्या बहिणीच्या हक्काने तुझ्या पाठीत धपाटा घालून तो सोडवायची, तो. या चतुराने गेले दोन महिने माझ्या आयुष्याचा खेळखंडोबा केला आहे. पण किड्याकडे यायच्या आधी दगडाकडे जायला हवं, नाहीतर तुला काहीच कळायचं नाही आणि तू नेहमीसारखी शेवटचं पान आधी वाचशील.

बोरिश्काचा दगड तू पाहिला आहेसच. नऊ वर्षांपूर्वी तो बसवला तेव्हा तू म्हणाली होतीस, 'भावोजी, हे थडगं आहे की पियानो?' तेव्हा मला राग आला होता, आता कबूल करतो की तुझं बरोबर होतं. त्या वर्षी आमच्याकडे काळ्या ग्रॅनाइटची साथ आली होती. तोवर आमची माणसं करड्या खरखरीत दगडाखाली निमूट झोपत होती, कुणाची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही. मग शहरातून तो नवा पाथरवट आला आणि त्याने कुणाच्या तरी सासूवर पहिला काळा, आडवा, आरशासारखा दगड बसवला. झालं. त्यानंतर जो मेला तो काळाच मागू लागला. मीही घेतला. फुलं ठेवायला वाकलं की त्यात आभाळ दिसतं, बाभळी दिसतात, आणि स्वतःचं नाक खालून दिसतं, जे माणसाने या वयात बघू नये. आपल्या रीतीप्रमाणे बोरिश्काच्या शेजारी माझंही नाव कोरून घेतलं, जन्मसाल घातलं, पुढे आडवी रेघ ओढली. पण पाथरवट फार पुढचं बघणारा. तो म्हणाला, 'केलेमेनकाका, पुढच्या सालातलं एकोणीसही आत्ताच कोरून टाकतो. म्हणजे ऐन वेळी दोनच आकडे राहतील.' मी म्हटलं, टाक. टेर्का, त्या आठवड्यात त्याने चारही आकडे कोरतो म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पुढचा वसंत मी बघेन असं मला वाटतच नव्हतं.

पण शरीर मोठं निर्लज्ज असतं, त्याला भूक लागते. एकेक करत सहा वसंत गेले, शतक बदललं, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मी रीतीप्रमाणे मसुराची उसळ खात बसलो होतो तेव्हा शेजारची रोझी हातात डुकराच्या मांसाची बशी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'अहो आम्ब्रुश, आता हो तुम्ही कसे मरणार? दगडावर तर एकोणीस आहे!' त्या दिवसापासून अख्खं गाव माझ्याकडे कचेरीत फाईल हरवलेल्या माणसासारखं बघतं. कुणाला पडसं झालं तर लोक मेणबत्त्या बघून ठेवतात, मला न्यूमोनिया झाला तरी म्हणतात, 'त्यांचं काय, त्यांची तर मुदतच संपली.'

आता इथे जरा पाणी पी. गाश्पारची एतेल्का तुला आठवत असेल. शाळेत स्वयंपाकीण होती, तीनशे पोरांना वाढायच्या एका डावाने गप्प करायची. आणि गाश्पार म्हणजे आपल्या स्टेशनचा मास्तर, लाल टोपीवाला, तो गेला त्याला आता सहा वर्षं झाली. (स्टेशन त्याच्या आधी गेलं. गाडी बंद झाल्यावरही तो दोन वर्षं लाल टोपी घालून फलाटावर उभा राहायचा, कुणी रूळ ओलांडला तर शिट्टी फुंकायचा.) त्याचा दगड बोरिश्काच्या दगडापासून तीन रांगांवर आहे आणि दोन्हींना मिळून नळ एकच. मी झारी भरायचो, ती झारी भरायची. पहिलं वर्ष नुसतं 'नमस्ते', दुसऱ्या वर्षी 'आज ऊन आहे', तिसऱ्या वर्षी तिने माझ्या झारीची गळकी तोटी बघून म्हटलं, 'अर्धं पाणी तर तुम्ही रस्त्यालाच पाजता.' असं होत होत यंदाच्या मे महिन्यात मी तिला विचारलं की दोन म्हाताऱ्यांनी दोन चुली कशाला पेटवायच्या. तुला हे माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितो आहे, नाहीतर रोझीने तुला कार्ड टाकलं असतंच. अडचण एकच, तिचंही नाव गाश्पारच्या शेजारी कोरून तयार आहे. म्हणजे नवरा-नवरीची पुढची सोय आधीच झालेली, आणि तीही वेगवेगळ्या ठिकाणी. त्यावर एतेल्का म्हणाली, 'त्यात काय! जगू एकत्र, मरू आपापल्या ठिकाणी.' बाई हिशेबी आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि जुलैत तो चतुर आला. तू म्हणशील, चतुर तर दरवर्षी येतात. येतात, पण हा माझ्या नावावर बसला. बोटाएवढा लांब, रक्तासारखा लालभडक, कमरेत आवळलेला, तोंडही लाल, पाय मात्र काळे कुळकुळीत, आणि काचेसारख्या चारही पंखांच्या मुळाशी पिवळसर डाग. मी शनिवारी फ्लॅनेलचं फडकं आणि मेणाची डबी घेऊन दगड घासायला गेलो (मी दर शनिवारी जातो), तर हा बरोबर त्या एकोणीसच्या पुढे, मोकळ्या जागेवर. मी हाकलला की उडायचा, कुंपणापर्यंत जाऊन यायचा आणि परत तिथेच, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. दुसरा कुणी चतुर आला तर त्याच्या अंगावर धावून जायचा. भर दुपारी तर शेपूट सरळ सूर्याकडे उभी करून डोकं खाली घालून बसायचा. आठवड्याने झाऱ्या घेऊन आलेल्या पाच बायका तिथे उभ्या होत्या आणि रोझी त्यांना समजावत होती, 'दिसत नाही का? लाल! बोरिश्काचा डोक्याचा रुमाल कुठल्या रंगाचा होता? बोलावणं आलंय. आकडे सापडत नाहीत म्हणून ती स्वतः जागा राखून बसलीय.' आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, 'तुम्ही तिकडे दुसरा घरोबा करायला निघालात ना, म्हणून.'

मी हे एतेल्काला सांगितलं. मला वाटलं होतं ती डाव उगारेल. तिने आलुबुखारातली बी काढता काढता वरही न बघता म्हटलं, 'मग बायकोला विचारून या.' झालं! बाईने अट घातली. तेव्हापासून तो किडा मिटल्याशिवाय आमचं लग्न पुढे सरकणार नाही हे उघड झालं. आणि किडा मिटवायचा तरी कसा? फडक्याने हाणावा तर, देव न करो, ती खरंच बोरिश्का निघाली तर? एकतीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर हात उगारला नाही, आता फडकं उगारू?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मात्र विद्यापीठातून चेंगे नावाची एक मुलगी आली, गवताची टोपी, गुडघ्यापर्यंत बूट आणि हातात जाळी. थेट स्मशानात शिरली आणि थडग्यांमधून जाळी घेऊन पळू लागली. रोझीने छातीवर क्रुसाची खूण करून विचारलं, 'पोरी, यांना पकडून नेणार कुठे?' मुलगी म्हणाली, 'नेत नाही आजी. पंखावर नंबर घालते आणि सोडते.' आणि आमच्या डोळ्यांदेखत तिने माझ्या नावावरच्या चतुराला अलगद दोन बोटांत धरून पंखावर काळ्या शाईने सात लिहिलं. बायकोला सात नंबर दिलेला बघणं सोपं नसतं टेर्का. मी दोन पावलं पुढे गेलो आणि म्हटलं, 'जरा जपून, ती माझी बायको आहे.' मुलीने माझ्याकडे बघितलं, किड्याकडे बघितलं, आणि फार सभ्यपणे म्हणाली, 'काका, हा नर आहे.'

मग तिथेच थडग्याच्या कडेला बसून तिने आम्हाला सगळी कुंडली सांगितली. लाल असतो तो नर. मादी पिवळी, मातकट, अंगावर काळ्या रेघा. तरुण नरही आधी पिवळेच असतात, वयात आले की रंग चढतो (इथे सगळ्या बायका उगाचच माझ्याकडे बघून हसल्या). हा काही दुर्मिळ प्राणी नाही, पार पश्चिमेच्या बेटांपासून सायबेरियाच्या कडेपर्यंत, वर स्वीडनपासून खाली समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या काठापर्यंत सगळीकडे याचं गणगोत आहे. राहणार कुठे, तर साचलेल्या, उथळ, लव्हाळ्यांच्या, शेवाळ्याच्या पाण्याकाठी. वाहतं पाणी याला फारसं मानवत नाही. मी मनात म्हटलं, बाबा रे, आयर्लंड ते सायबेरिया एवढी इस्टेट असताना तुला बसायला आम्ब्रुश केलेमेनच्या नावापुढची चार बोटं जागाच सापडली?

मला वाटलं, सुटलो. नर म्हणजे बोरिश्का नाही, बोलावणं नाही, सगळं मिटलं. पण आगीतून निघून फुफाट्यात पडणं कशाला म्हणतात ते रोझीला शेजार असल्याशिवाय कळत नाही. तिने हातातली झारी खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, 'नर. लाल डोक्याचा. एकाच जागी उभा राहतो. दुसरा कुणी आला की अंगावर धावून जातो.' पाचही बायकांनी एका दमात म्हटलं, 'गाश्पार!'

आता तूच सांग, नाही म्हणायला जागा होती का? फलाटावरचा गाश्पार डोळ्यांपुढे आण. तीच लाल टोपी, तोच तोरा, तेच 'पिवळ्या रेघेच्या मागे व्हा!' दोन दिवसांत गावात पक्कं झालं की स्टेशनमास्तर आपल्या बायकोमागे लागलेल्या माणसाची गाडी सोडायला आले आहेत. गुत्त्यात लोक मला विचारू लागले, 'काका, सिग्नल पडला का?' आणि त्या आठवड्यात कहरच झाला. रविवारी प्रार्थना आटोपून सगळं गाव कबरींवर फुलं घालायला आलेलं, आणि त्या लाल चतुराने कुठूनशी एक पिवळी मादी आणली, शेपटीच्या टोकाने तिची मान धरली, आणि दोघं जोडीने माझ्या दगडावर वरखाली, वरखाली, ती दर वेळी शेपूट दगडाला टेकवतेय. पाद्रीबाबांनी आभाळाकडे बघितलं. आयांनी पोरांचे डोळे झाकले. रोझी म्हणाली, 'बघा, एतेल्काला मानेला धरून परत न्यायला आलाय.' एतेल्का शेजारीच उभी होती. तिने टाचा उंचावून नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, 'गाश्पार नव्हे हो. त्याला एवढा उत्साह कधीच नव्हता.'

चेंगेला आम्ही विचारलं की सात नंबरला काही समज देता येईल का. ती म्हणाली, सात नंबर तर केव्हाच दिसेनासा झाला, नंतर तिथे बारा बसला, मग एकोणीस (हा योगायोग मी कुणाला सांगितला नाही), मग तेवीस, एकूण अकरा जण त्या जागेवर आळीपाळीने बसून गेले. रोझी म्हणाली, 'अकरा? म्हणजे फुटबॉलची टीमच.' आणि तिथे भुताची गोष्ट जवळजवळ संपली, कारण एकाच गाश्पारला गावाने जेमतेम सहन केलं होतं.

मग खरं कारण काय? तेही त्या मुलीने सांगितलं, आणि मला वाटतं मी ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, 'काका, यांना हा दगड म्हणजे पाणी वाटतो. काळा, गुळगुळीत, आडवा. उन्हात याच्यावर जी चमक येते ती शांत तळ्यावरच्या चमकेसारखी असते, किंबहुना तळ्यापेक्षा सरस. म्हणून नर इथे येऊन काठ राखत बसतात आणि माद्या अंडी सोडतात.' मी विचारलं, मग त्या अंड्यांचं काय होतं. ती म्हणाली, 'वाळतात.' मी म्हटलं, करड्या दगडांवर का जात नाहीत? ती म्हणाली, 'ते खरखरीत आहेत. आणि काळ्यांमध्येही तुमचाच सगळ्यात चकचकीत आहे. याला कोण एवढं घासतं?'

टेर्का, मी एकतीस वर्षं कालव्याच्या दरवाज्यावर नोकरी केली हे तुला वेगळं सांगायला नको. संसारही तेवढाच, नोकरीही तेवढीच. गावाचं नाव केरेकतो, म्हणजे गोल तळं. तळं आहे कुठे? मीच ते कालव्यात सोडून दिलं. हुकूम वरून यायचा, चाक मी फिरवायचो. लव्हाळ्यांत कंबरभर पाणी असायचं तिथे मका आला, मग विहिरी खाली गेल्या, मग मकाही गेला, आता वाळू उडते. तेव्हा कुणी चतुरांना विचारलं नव्हतं, मलाही कुणी विचारलं नव्हतं. आणि आता ज्यांचं तळं मी रिकामं केलं त्यांची पतवंडं माझ्याच नावावर पाणी शोधत बसली आहेत. मला फार वाईट वाटलं. मी घरून मोठं घमेलं नेलं, पाण्याने भरून दगडाशेजारी ठेवलं. खरं पाणी, आमच्याच नळाचं. एक चतुर फिरकला नाही. घमेल्यात रोझीचा कुत्रा मात्र रोज येऊन पाणी पिऊन जातो, आणि जाताना कबरीवर उपकार करून जातो.

चेंगे जाताना म्हणाली, 'इलाज सोपा आहे काका. घासू नका, मेण लावू नका, धूळ बसू द्या. तोवर काहीतरी टाकून झाकून ठेवा.' एतेल्काने आपली जुनी चौकड्यांची चादर दिली. मी ती दगडावर नीट पसरली, चारही कोपऱ्यांवर एकेक वीट ठेवली. तीन दिवस एकही चतुर आला नाही. बायका येऊन बघून गेल्या, रोझीसुद्धा निराश होऊन घरी बसली. पण आमच्या नशिबात सुख नाही. चौथ्या दिवशी असा काही वारा सुटला की चादर विटांसकट उडाली, आणि मी जाऊन बघतो तर लाल साहेब आपल्या जागेवर हजर. तेव्हापासून परत पहिले पाढे पंचावन्न. आता एतेल्काची अट पुरी कशी करावी, लग्न कसं पुढे न्यावं, मला काही सुचत नाही. तू शहाणी आहेस, शोप्रोनला राहतेस, काही सुचलं तर कळव. न सुचलं तर आपला गुडघा सांभाळ.

गल्लीतल्या सगळ्यांचा तुला नमस्कार. रोझीने विचारलंय की शोप्रोनला स्मशानात दगड कुठल्या रंगाचे असतात. काही उत्तर देऊ नकोस.

तुझा,
आम्ब्रुशभावोजी

ता. क. हिवाळ्यासाठी तुझ्याकडची चांगली खसखस मिळाली तर पाठव. इथली कडू निघते.

दुसरा ता. क. पाकीट आणायला म्हणून मी उठलो तेवढ्यात एतेल्का आली आणि तिने सगळं पत्र उभ्या उभ्या वाचून काढलं. मी तिला फक्त खसखशीपुरतं दाखवणार होतो. वाचून झाल्यावर म्हणाली, 'किड्याचं सगळं खरं आहे, माणसाचं तेवढं खोटं आहे. दुरुस्त करता, की आत माझी चिठ्ठी घालू?' तिची चिठ्ठी म्हणजे तीनशे पोरांचा डाव, म्हणून मीच लिहितो. त्या आठवड्यात वारा सुटला नव्हता. पानही हललं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मीच विटा काढल्या, चादर घडी करून घरी आणली आणि मेणाची डबी घेऊन परत गेलो. दर शनिवारी जातो हेही खरं नाही, मी रोज जातो. आणि एतेल्काने कसलीही अट घातलेली नाही. मे महिन्यात नळाशी मी विचारलं तेव्हाच ती 'बरं' म्हणाली होती, आणि वर म्हणाली होती, 'आता नळ बंद करा, पाणी वाया जातंय.' ते 'बायकोला विचारून या' तिने थट्टेने म्हटलं होतं. मीच ते अट म्हणून धरून बसलो. माणसाला काय, चतुराच्या मागेही लपता येतं.

तिसरा ता. क. एतेल्का मुरंबा ढवळायला गेली आहे, म्हणून हे तिच्या नकळत. टेर्का, मी खरोखरच बायकोला विचारायला जातो. रोज फडक्याने घासता घासता विचारतो, की बोरिश, मी तुला सोडून चाललो नाही, मला फक्त एकट्याने जेवणं होत नाही, तर जाऊ का? पुढे काही नाही. चतुर उडतो आणि परत येऊन बसतो, ते काही उत्तर नव्हे, आता तर मला कळलंय की त्याला बिचाऱ्याला पाणी हवं आहे. तू नेहमी चिडतेस की घरात फोन असताना हा माणूस पत्रं का लिहितो. नऊ वर्षं सांगितलं नाही, आज सांगतो. तू फोनवर 'हॅलो' म्हणतेस तो आवाज तिचा आहे. हुबेहूब. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खाली बसलो होतो, नंतर कधी धीर झाला नाही. येत्या रविवारी बाराची घंटा झाली की मला फोन कर. प्रकृती विचारू नकोस, हवापाणी विचारू नकोस, तू कोण बोलतेयस ते तर मुळीच सांगू नकोस. फक्त एवढं म्हण, 'आम्ब्रुश, पुरे झालं घासणं. जा आता.' मग लगेच ठेवू नकोस, थोडा वेळ नुसती थांब.